एलिमेंटल म्हणजे काय, मॅडम?

नांदेडच्या ज्या ज्युनिअर कॉलेजात मी इंग्रजी शिकवते, तिथं सकाळचा पहिला तास माझा असतो. मुलं अर्धवट झोपेत असतात. निम्म्यांचं डोकं नीटच्या क्लासमध्ये अडकलेलं असतं, त्यामुळे इंग्रजीच्या तासाला सहसा कुणी काही विचारत नाही. त्या दिवशी विचारलं. धड्यात समुद्रातल्या वादळाचं वर्णन होतं आणि वादळाच्या ताकदीला ‘एलिमेंटल’ म्हटलं होतं. मी सवयीनं ‘मूलभूत’ असा अर्थ सांगून पुढच्या ओळीवर गेले.

दुसऱ्या बाकावरची मुलगी उभी राहिली. ती भोकरकडची, हॉस्टेलवर राहणारी. वर्षभरात तिचा आवाज मी हजेरीपुरताच ऐकला होता.

“मॅडम, मूलभूत म्हणजे फंडामेंटल ना? मूलभूत हक्क असतेत तसं. मग वादळ मूलभूत कसं काय?”

वर्ग हसला. मागून कुणी म्हणालं, “एलिमेंट म्हणजे मूलद्रव्य, मॅडम. हायड्रोजन, हेलियम.” त्याच्या शेजारचा म्हणाला, “आमच्या गीझरचं एलिमेंट जळालंय.” पुन्हा हशा पिकला. ती मुलगी मात्र हसली नाही. एलिमेंटल म्हणजे काय मॅडम, असं तिनं पुन्हा विचारलं आणि उभीच राहिली.

शब्द मला येत होता, म्हणजे वापरता येत होता. मराठीत सांगायला गेले तर हाताला काही लागेना. ‘आदिम’ म्हणावं तर तो गुहेतल्या माणसाचा शब्द वाटत होता. ‘नैसर्गिक’ म्हणावं तर झाडपाल्याचं औषध आठवत होतं. फळ्याकडे वळून मी वेळ काढत म्हणाले, “पंचमहाभूतं ऐकली आहेत ना? पृथ्वी, आप, तेज...”

तेवढ्यात खालून आवाज आला.

शेजारच्या रस्त्यावरून भरलेला ट्रक जावा तसा, पण रस्त्यावरून न येता पायाखालून आलेला. पंखा डुलायला लागला. फळा भिंतीवर टकटकला. माझ्या टेबलावरची पाण्याची बाटली आडवी होऊन गडगडत कडेपर्यंत गेली. मग एकदम बाकं वाजली आणि सगळे दाराकडे धावले.

नांदेडात अलीकडे असे धक्के अधूनमधून बसतात. हिंगोलीकडे कुठंतरी जमीन कुरकुरते आणि आमच्या कपाटातल्या वाट्या वाजतात. कुणाला काही होत नाही. पेपरात चार ओळी येतात, प्रशासनाचं ‘घाबरून जाऊ नये’ येतं. तरी त्या दिवशी सगळं कॉलेज मैदानावर उभं होतं आणि प्रत्येक जण फोन कानाला लावून एकच वाक्य बोलत होता. थोड्याच वेळात सुट्टी जाहीर झाली. मी घरी फोन लावत होते. रिंग जात होती आणि कुणी उचलत नव्हतं.

घरी अप्पा एकटे होते.

अप्पा म्हणजे माझे वडील. त्यांचा सगळा जन्म लातूरजवळच्या रेणापुरात गेला. बाजारपेठेत त्यांचं हार्डवेअरचं दुकान होतं. पत्रे, खिळे, पहारी, फावडी, कुलपं. सकाळी आंघोळ, लिंगपूजा, कपाळाला विभूती, की दुकान. आई गेल्यावर मी त्यांना नांदेडला घेऊन आले, त्याला दोन वर्षं होत आली होती. दुकानाची पुढची खोली एका मोबाइलवाल्याला भाड्यानं दिली. माझा नवरा लातूरला बँकेत आहे, शनिवारी येतो आणि सोमवारी पहाटे जातो. म्हणजे एरवी घरात मी आणि अप्पा. तिसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट, लिफ्ट नाही.

त्या फ्लॅटमध्ये अप्पांचा जीव कधी रमला नाही. ते दिवसभर जिने चढायचे आणि उतरायचे. खाली जाऊन गेटपाशी उभे राहायचे, वर येऊन खिडकीत उभे राहायचे. जेवतानाही एक मांडी मोडलेली आणि एक गुडघा वर, जणू कुणी हाक मारली की उठायचं. पलंग दिला तर दाराजवळ चटई टाकून झोपायचे. मी चिडायचे. “अप्पा, बसा की हो जरा स्वस्थ,” म्हणायचे. ते म्हणायचे, “बसलोय की.” आणि उठायचे. त्यांची ती घालमेल हळूहळू मलाही लागली होती. पेपर तपासतानासुद्धा मी उठून खिडकीपाशी जायला लागले होते.

स्कूटी काढून मी घरी निघाले. रस्त्यावर सगळं शहर बाहेर आलं होतं. अर्धापूरहून केळी घेऊन आलेले टेम्पो चौकात अडकून पडले होते आणि त्यांचे ड्रायव्हर खाली उतरून पोलिसाशी हुज्जत घालत होते. मी गल्लीबोळातून बिल्डिंगपाशी पोचले. खाली सगळे शेजारी उभे होते, अप्पा नव्हते. तीन मजले धावत चढले. दाराला बाहेरून कडी होती. आत गेले तर त्यांचा फोन चार्जिंगला लावलेला, पडद्यावर माझे सतरा-अठरा मिस्ड कॉल. कोपऱ्यातली त्यांची कापडी पिशवी मात्र जागेवर नव्हती.

पहिल्या मजल्यावरच्या काकू म्हणाल्या, “आजोबा लगेच निघाले बघा. मी विचारलं, कुठं चाललात? तर हातानंच, जातो, असं केलं त्यांनी.”

पिशवी घेऊन गेले म्हणजे रेणापूर, असं माझ्या डोक्यात पक्कं बसलं. महिन्यातून चारदा तरी ते म्हणत असत, एक दिवस सरळ एस्टीत बसून जाईन. मी बसस्टँडवर गेले. लातूरच्या फलाटावर पाहिलं, कॅन्टीनमध्ये पाहिलं. चौकशीच्या खिडकीतल्या माणसानं सांगितलं की लातूरची एक गाडी नुकतीच सुटली. विभूती लावलेला, पांढरा पायजमा घातलेला म्हातारा चढला का, असं मी दहा लोकांना विचारलं. तसे तीन चढले होते.

मी नवऱ्याला फोन केला. तो म्हणाला, “घाबरू नको. मी लातूरच्या स्टँडवर जातो, गाडी आली की उतरवून घेतो.”

“आणि मध्येच उतरले तर?”

“मध्ये कशाला उतरतील?”

मी पुन्हा स्कूटीवर बसले. रेल्वे स्टेशन पाहिलं. ते अधूनमधून ज्या मठात जायचे, तो पाहिला. घाटावर गेले, तिथं नदी नेहमीसारखी संथ होती आणि तिच्याकडे पाहून मला उगाच राग आला. दर अर्ध्या तासानं नवऱ्याचा फोन येत होता. या गाडीत नाहीत. त्या गाडीतही नाहीत. मग म्हणाला, मी कार घेऊन रेणापूरलाच जातो. ऊन चढत गेलं. आणि सगळ्यात विचित्र म्हणजे अप्पांना शोधतानाही तो शब्द डोक्यात घोळत होता. एलिमेंटल. एलिमेंटल म्हणजे काय? सिग्नलला थांबले की तो यायचा. मी मोठ्यानं “गप की” म्हणाले, तसं शेजारच्या मोटारसायकलवाल्यानं वळून पाहिलं.

दुपारी दोनच्या सुमाराला कॉलेजच्या वॉचमनचा फोन आला. “मॅडम, तुमचे वडील सकाळपासून इथं येऊन बसलेत. तुम्ही येताव म्हणून थांबलेत. मी म्हनलं तुम्हाला माहीत असंल.”

अप्पा मला शोधायला कॉलेजात आले होते. मी त्यांना शोधायला घरी गेले होते. वाटेत कुठंतरी त्यांची रिक्षा आणि माझी स्कूटी एकमेकांना ओलांडून गेली असणार.

मी पोचले तेव्हा मैदानाच्या कडेला कडुलिंबाच्या झाडाखाली हॉस्टेलच्या सात-आठ मुली बसल्या होत्या. इमारत तपासून होईपर्यंत त्यांना आत जायला मनाई होती. त्यांच्यामध्ये अप्पा जमिनीवर मांडी घालून बसले होते. पूर्ण मांडी. दोन वर्षांत मी त्यांना इतकं घट्ट बसलेलं पाहिलं नव्हतं. त्यांची माझ्याकडे पाठ होती. ते बोलत होते आणि मुली ऐकत होत्या. हाक मारायला उघडलेलं तोंड मी मिटलं.

“...रेणापुरात निस्ती भांडी पडली. लोक गणपती बुडवून झोपलेले व्हते, पहाटं हाललं. उजाडल्यावर खबर आली की तिकडं गावंच्या गावं बसली. मी दुकानातल्या पहारी, फावडी, टिकाव सगळं टेम्पोत टाकलो आन् गेलो.”

आमच्याकडे नुसतं भूकंप म्हटलं की तो एकच, त्र्याण्णव सालचा. अप्पा तेव्हा तिकडे गेले होते हे मला माहीत होतं, पण एवढंच. ‘गेलतो मदतीला’ याच्या पुढे त्यांनी घरात कधी एक वाक्य सांगितलं नव्हतं.

“गाव वळखू येत नव्हतं. माळवदाची घरं सगळी. दगडाच्या हातभर रुंद भिंती, वर मातीचा थर. समदं खाली बसलेलं. एका घरावर आम्ही चौघं लागलो. आतून आवाज येऊन राहिला व्हता.”

“काय म्हणून राहिला होता?” भोकरच्या त्या मुलीनं विचारलं.

“शिव्या देऊन राहिला व्हता.”

एक मुलगी फिसकन हसली आणि लगेच गप्प झाली.

“दुपारी काढलो त्याला. साठीचा गडी. पायाला लागलेलं, बाकी धड. बसला. पानी पिला. मग त्यानं इकडंतिकडं बघितलं. त्याची बायकू, दोन ल्योक, सुना, लेकरं, सगळी तिथंच रांगेनं. वर चादरी टाकलेल्या. लई येळ बघितला. मग माझ्याकडं वळून म्हनला, मला कशाला काढलास? तुला कुणी सांगितलं व्हतं?”

“मग तुम्ही काय म्हणालात, आजोबा?”

“काय म्हननार? मी म्हनलो, चुकलं.”

अप्पांनी खांद्यावरच्या दस्तीनं तोंड पुसलं आणि पुढं सांगितलं. त्या माणसाला छावणीत न्यायला लोक आले, तर तो जाईना. टेम्पोत चढून बसला तो उतरेचना. शेवटी अप्पा त्याला रेणापूरला घरी घेऊन आले.

आणि मला तो दिसला.

मी आठ-नऊ वर्षांची असेन. आमच्या दुकानापुढं पत्र्यांची थप्पी रचलेली असायची. काही महिने त्या थप्पीवर एक आजोबा राहत होते. राहत होते म्हणजे तिथंच बसायचे, तिथंच झोपायचे, पाऊस आला तर पोतं अंगावर घ्यायचे, पण छपराखाली म्हणून यायचे नाहीत. आई पायरीवर ताट ठेवायची. ते खाली उतरायचे, आधी तळहात जमिनीवर ठेवून थोडा वेळ थांबायचे आणि मग जेवायचे. मला वाटायचं, हा त्यांचा नमस्कार. आम्ही पोरं त्यांना घाबरायचो, कारण ते अप्पांवर ओरडायचे. चहा गार का, गिऱ्हाइकाला पत्रा फरफटत का देतोस, आवाज होतो. अप्पा उलट बोलायचे नाहीत. ते अप्पांचे कुणी लांबचे चुलते असावेत, असं मी इतकी वर्षं धरून चालले होते. एक दिवस ते दिसले नाहीत. मी विचारलं, तर अप्पा म्हणाले होते, त्यांच्या गावाला गेले.

“थंडी सरली तसा म्हनला, मला गावाला सोड,” अप्पा सांगत होते. “मी चार पत्रे टेम्पोत टाकलो, त्याला बसवलो, सोडून आलो. मग पुन्हा गेलो न्हाई.”

“का?”

“काय तोंड घेऊन जाऊ? जगला असंल तर इचारनार, कशाला जगवलास म्हणून. न्हाई जगला तर त्ये बी माझ्याच डोक्यावर.” मग ते म्हणाले, “आज सकाळी हाललं की त्योच आठवला. म्हनलं पोरगी कॉलेजात हाय, वर स्लॅब हाय. ह्या पिशवीत निस्ती एक लहान पहार हाय बघा. दुकानातली. घेऊन आलो.”

एका मुलीचं लक्ष माझ्याकडे गेलं आणि मग अप्पांनी मागे वळून पाहिलं.

“आलीस का? कुठं फिरून राहिलीस? मी कवाचा बसलोय हितं.”

“अप्पा, मी अख्खं नांदेड पालथं घातलं!” माझा आवाज इतका चढला की मुली उठून उभ्या राहिल्या. “फोन कशाला घेऊन दिलाय तुम्हाला? कुणाला सांगून जायची काही पद्धत?”

“तू तरी कुठं सांगून गेलीस?” ते म्हणाले.

मग मी त्यांच्याशेजारी खाली बसले आणि मला रडू फुटलं, वर्गातल्या मुलींसमोर. तेवढ्यात नवऱ्याचा फोन आला. तो रेणापुरात आमच्या कुलूपबंद दाराशी उभा होता आणि मोबाइलवाल्याला घेऊन गावातल्या विहिरीपर्यंत जाऊन आला होता. अप्पा सापडले हे त्याला कळवायचं मी विसरूनच गेले होते.

त्या संध्याकाळी अप्पा वर यायला तयार होईनात. “स्लॅबखाली न्हाई येत,” म्हणाले. समजूत काढून मी थकले. मग पार्किंगच्या पुढं, उघड्यावर, दोन खुर्च्या टाकल्या. शेजारच्या काकूंनी चहा आणून दिला. अप्पा गेटकडे पाहत बसले. मला बसवेना, म्हणून फोनवर शब्दकोश उघडला.

तो शब्द मी मुळापासून वाचला. लॅटिनमध्ये एलिमेंटम असा शब्द होता, त्यावरून आला. पृथ्वी, पाणी, अग्नी, वारा, ज्यांच्यापासून जग बनलं असं ते लोक मानत, ती चार द्रव्यं म्हणजे एलिमेंट्स. म्हणून त्यांच्या जोराचं, त्यांच्यासारखं बेलगाम ते एलिमेंटल. अंगावर येणारं वारं-पाऊसही एलिमेंट्स. जुन्या काळी तर माती-पाण्यात राहणाऱ्या अदृश्य जीवांनाही तिकडे एलिमेंटल म्हणत. पण त्या लॅटिन शब्दाचा एक अर्थ मला अगदी अनपेक्षित होता. अक्षर. अ-आ-इ मधलं अक्षर. त्याच्या आधी तो शब्द कुठून आला, हे कुणालाच नक्की माहीत नाही. कुणी म्हणतात, एल, एम, एन या तीन अक्षरांवरून झाला असेल, आपण कखग म्हणतो तसा. कुणी म्हणतात, मुलांना शिकवायला हस्तिदंताची अक्षरं करत, त्या हस्तिदंताच्या नावावरून. सगळा अंदाजच.

“काय वाचून राहिलीस?” अप्पांनी विचारलं.

मी सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. म्हणाले, “म्हंजे त्यांना बी ठाऊक न्हाई.” आणि उठून गेटपर्यंत जाऊन आले.

दुसऱ्या दिवशी मी तो तास पुन्हा घेतला. धड्याचं सोडून मी सगळा वेळ त्या एका शब्दावर बोलले. अक्षरांचं सांगितलं, तशी मागून कुणीतरी ओरडलं, “मुळाक्षरं!” मी थांबलेच. इतकी वर्षं मराठी बोलून हा जोड माझ्या लक्षात आला नव्हता. मुळाक्षर आणि मूलद्रव्य, दोन्हीकडे तेच ‘मूळ’. मग मी फळ्यावर ‘मूलभूत’ लिहिलं आणि ‘भूत’खाली रेघ मारली. संस्कृतात भू म्हणजे होणं. जे झालं ते भूत. म्हणून पंचमहाभूतं, म्हणून भूतकाळ, म्हणून रात्रीचं भूतसुद्धा. ज्या ‘भू’वर आपण उभे आहोत तीही त्याच धातूतली. “म्हणजे मूलभूत हा अर्थ अगदीच चुकीचा नव्हता,” मी म्हणाले, “पण आपण तो वापरून वापरून गुळगुळीत केलाय. काल जे पायाखाली झालं, ते एलिमेंटल. तुम्ही हक्क मागता तेव्हा त्यात ते नसतं.”

“कधीकधी असतं की, मॅडम,” ती मुलगी म्हणाली. मग तास संपल्यावर दाराशी थांबली. “मॅडम, त्या आजोबांचं पुढं काय झालं? ज्यांना तुमच्या वडलांनी काढलं?”

“माहीत नाही.”

“विचारलं नाही कुणाला?”

तिच्या पहिल्या प्रश्नासारखाच हाही. मी हजेरीपट उचलला आणि स्टाफरूमकडे निघाले. त्यानंतर दोन दिवस मी घरात येरझारा घालत होते, अप्पा जिन्यात. शेवटी शुक्रवारी जेवताना मीच म्हणाले, “अप्पा, रविवारी आपण त्या गावाला जाऊ.”

“कशाला?” त्यांनी भाकरीचा तुकडा खाली ठेवला. “न्हाई. काही नडलं न्हाई.”

रविवारी सकाळी सगळ्यांच्या आधी ते आंघोळ करून, विभूती लावून, गाडीपाशी उभे होते.

नवरा गाडी चालवत होता. लातूर मागे टाकून निलंग्याकडे लागलो, तसे अप्पा पुढच्या सीटवर सारखे डावीउजवीकडे पाहायला लागले. खिडकी खाली करायचे, वर करायचे. एका ठिकाणी म्हणाले, “परत वळवा, जावईबापू.” नवऱ्यानं गाडी बाजूला घेतली. ऊस भरलेले दोन ट्रॅक्टर शेजारून गेले. मग अप्पाच म्हणाले, “चला.”

भूकंपानंतर वसवलेलं नवं गाव आखीव होतं. एकसारखी घरं, सरळ रस्ते, मध्ये शाळा. एका किराणा दुकानाच्या पायरीवर सत्तरीच्या बाई कोथिंबीर निवडत बसल्या होत्या. अप्पांनी त्या माणसाचं नाव सांगितलं. नाव इतकी वर्षं त्यांच्या तोंडात तयार होतं, एकदाही अडखळले नाहीत. मी त्यांचा हात धरला.

“त्यो व्हय!” बाई म्हणाल्या. “त्यो तर कवाच गेला. सात-आठ वर्षं झाली असतील. लई म्हातारा होऊन गेला, झोपेतच. तुमी कोण?”

अप्पांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हणाले, “रेणापूरहून आलोय. ओळखीचे होते. कसे राहिले ते पुढं?”

“कसे म्हंजे? भांडून राहिले!” बाईंनी कोथिंबीर बाजूला ठेवली. “नव्या गावात घर दिलं तर घेतलं न्हाई. जुन्या गावातच शेड मारून राहिला. मग रस्त्यावरून सरपंचाशी भांडला. बोअरच्या पान्यावरून आमच्या मालकाशी भांडला. तलाठ्याला तर त्यानं हाकलूनच लावला व्हता एकदा. निवडनुकीला उभा राहिला, पडला, मग जो निवडून आला त्याला पाच वर्षं झोपू दिलं न्हाई. ह्या शाळेच्या भिंती पातळ बांधून राहिले म्हणून काम बंद पाडलं व्हतं त्यानं. पुन्हा जाडजूड बांधाय लावल्या.”

अप्पा पायरीवर बसले.

“आन् पाऊस आला की पत्र्यांना शिव्या,” बाई रंगात आल्या होत्या. “पत्रे वाजायचे ना! म्हनायचा, रेणापूरच्या एका शेटनं पातळ पत्रे गळ्यात मारलेत माझ्या.”

“पातळ?” अप्पा ताडकन उठले. “चोवीस गेजचे व्हते, चांगले जाड!”

बाई त्यांच्याकडे पाहतच राहिल्या. मग त्यांनी डोक्यावरचा पदर सारखा केला आणि हळूच विचारलं, “त्ये शेट तुमीच का?”

अप्पांनी मान हलवली.

बाईंनी आत हाक मारून चहा टाकायला सांगितलं. अप्पांनी विचारलं, “सुखी व्हता का त्यो?”

“आता त्ये कसं सांगू, भाऊ? माणसं गेली ती काय विसरला न्हाई. पर एक दिवस म्हणून गप बसला न्हाई, एवढं माहीत हाय.”

बाईच आम्हाला जुन्या गावात घेऊन गेल्या. बाभळी माजल्या होत्या, त्यांच्यामधून दगडांचे ढीग. एका ठिकाणी गंजलेलं शेड उभं होतं, एक बाजू कलंडलेली. आत आता बाईंच्या शेळ्या बांधलेल्या होत्या. अप्पा वाकून आत गेले. पत्र्याची कड त्यांनी अंगठा आणि तर्जनीत धरली, बोटानं ठोकून पाहिली, पुन्हा धरून पाहिली, दुकानात गिऱ्हाइकापुढं करायचे तशी. शेळ्या बुजून मागं सरकल्या.

“चोवीसच हाय,” ते म्हणाले आणि मग हसायला लागले. आई गेल्यानंतर मी त्यांना असं हसताना पाहिलं नव्हतं. हसता हसता त्यांनी दस्ती तोंडाला लावली आणि बराच वेळ ती काढलीच नाही. आम्ही बाहेर थांबलो.

परतताना मला वाटलं, आता ते शांत होतील. गाडीत झोपतील. पण लातूर जवळ आलं तसे ते म्हणाले, “जावईबापू, मला रेणापूरला सोडा.”

“दोन दिवस राहून येता का?” नवऱ्यानं विचारलं.

“येत न्हाई.”

मी मागून वाद घातला. बीपीच्या गोळ्या, स्वयंपाक, पडलात-झडलात तर कोण बघणार. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, “आगं माय, तुझ्या घरात मला दुखलं-खुपलं काहीच न्हाई. पर दिसभर मी तुझी वाट बघून राहतो, आन् तू माझी फिकीर करून राहतीस. दोघांचा बी जीव थाऱ्यावर न्हाई. मला भांडायला तरी कुणीतरी पायजे की न्हाई? तिथं मोबाइलवाला हाय.”

नवरा हसला. मी नाही. पण गाडी रेणापूरकडे वळली.

दुकानामागच्या पत्र्याच्या खोलीत ते आधीपासून राहायचे. ती उघडली, झाडली, माठ भरला, कॉट अंगणात काढून दिली. शेजारच्या वहिनींनी दोन वेळच्या डब्याचं कबूल केलं. मी गोळ्यांची पाकिटं वारांप्रमाणे खिळ्याला टांगली. उन्हानं पत्रा तापून कडकड वाजत होता, आणि अप्पा बाहेर मोबाइलवाल्याला शटरला ग्रीस का लावलं नाही म्हणून झापत होते.

निघताना मी पाया पडले. त्यांनी डोक्यावर हात ठेवला आणि लगेच काढून घेतला. “जा, अंधार पडंल,” म्हणाले.

नांदेडचा फ्लॅट रिकामा झाला. आता जिन्यात पावलं वाजत नाहीत, तरी मी कान देते. दर रविवारी जाते. एरवी दिवसातून दोन-तीनदा फोन करते. कधी उचलतात, कधी नाही. नाही उचलला की मी खिडकीपाशी, मग गॅलरीत, मग पुन्हा खिडकीपाशी. परवा चौथ्यांदा लावल्यावर एकदाचा उचलला.

“काय झालं? हाललं का तिकडं?”

“नाही, अप्पा.”

“मग फोन कशाला केलीस? गिऱ्हाइक हाय समोर.”

“तुमचं कुठलं आलं गिऱ्हाइक? दुकान तर...”

“मोबाइलवाला जेवायला गेलाय,” ते म्हणाले, आणि फोन न ठेवताच कुणाशी तरी किमतीवरून घासाघीस करायला लागले. मी बराच वेळ ऐकत राहिले.